मोठ्या एचडी टीव्हीवर एसडी वाहिन्या नीट कशा पाहाव्यात

घरात नवा ४३ किंवा ५५ इंची टीव्ही आला की पहिल्या आठवड्यातच एक तक्रार हमखास ऐकू येते. यूट्यूबवर चित्र झकास दिसते, पण रोजच्या बातम्या किंवा मालिका लावल्या की चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत होतात, अक्षरांच्या कडा थरथरतात आणि घरातले ज्येष्ठ सांगतात की जुन्या टीव्हीवर यापेक्षा चांगले दिसत होते. त्यांचे म्हणणे खरे असते. टीव्ही मात्र बहुतेक वेळा निर्दोष असतो, आणि तो बदलून घेण्यासाठी दुकानदाराशी घातलेला वाद वाया जातो. एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेफिनिशन या जुन्या दर्जाच्या वाहिनीत मुळात जेवढे चित्र आहे त्याहून अधिक कोणतेही सेटिंग निर्माण करू शकत नाही. परंतु सेट-टॉप बॉक्स, वायर आणि टीव्ही मिळून त्या चित्राची जी आणखी नासाडी करतात ती जवळजवळ पूर्ण थांबवता येते, आणि तेवढ्याने पडणारा फरक घरातल्या कोणालाही सांगावा लागत नाही.

चित्र कुठे आणि का बिघडते

आपल्याकडच्या एसडी वाहिनीचे चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके असतात आणि फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. याचा अर्थ असा की फोर-के टीव्हीवर एसडी वाहिनी लावली असता पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांपैकी एकाचीच माहिती वाहिनीकडून आलेली असते. उरलेले एकोणीस टीव्ही शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधून भरतो. हा अंदाज चांगला टीव्ही चांगला बांधतो आणि स्वस्त टीव्ही सुमार बांधतो, पण दोघेही अंदाजच बांधत असतात. अधिक ठिपक्यांचा टीव्ही घेतल्यावर जुन्या वाहिन्याही सुधारतील ही अपेक्षा येथेच फसते.

ठिपक्यांची संख्या हे मात्र अर्धेच कारण आहे. डीव्हीडीवरही नेमके हेच ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, तरीही चांगल्या डीव्हीडीवरचा चित्रपट मोठ्या पडद्यावर समाधानाने पाहता येतो. डीव्हीडीवर चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत माहिती ठेवता येते. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या एका मार्गावर, मात्र अनेक वाहिन्या दाटीवाटीने बसवाव्या लागतात, त्यामुळे एका एसडी वाहिनीच्या वाट्याला त्याहून पुष्कळच कमी माहिती येते. शिवाय ही वाटणी क्षणाक्षणाला बदलत असते. शेजारच्या वाहिनीवर क्रिकेटचा सामना रंगात आला की त्याच ट्रान्सपाँडरवरच्या मालिकेचा वाटा आकसू शकतो. कमी माहितीत बसवण्यासाठी चित्र दाबताना त्याचे लहान चौकोन पाडले जातात; जुन्या एमपेग-२ पद्धतीत, जी डीडी फ्री डिशच्या अनेक वाहिन्यांसाठी वापरली जाते, हे चौकोन ८ गुणिले ८ ठिपक्यांचे असतात. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर ७२० ठिपके पसरले की आठ ठिपक्यांचा एक चौकोन सेंटिमीटरभर रुंद होतो, आणि एवढा मोठा चौकोन तीन मीटरवरूनही सहज दिसतो. एकवीस इंची जुन्या टीव्हीवर तोच चौकोन निम्म्याहून लहान असे, आणि काचेच्या नळीवरच्या प्रत्येक ठिपक्याच्या कडा मुळातच मऊ असल्याने तो डोळ्यांना जाणवतही नसे.

तिसरे कारण ओळींचे. एसडी प्रक्षेपणात सेकंदाला २५ पूर्ण चित्रे येतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते, आधी एकाआड एक २८८ ओळी आणि मग मधल्या २८८ ओळी. जुना टीव्ही या ओळी आल्या तशाच पडद्यावर काढत असे, कारण ही पद्धत त्याच्यासाठीच तयार झाली होती. आजचा एलईडी किंवा ओएलईडी पडदा संपूर्ण चित्र एकदम दाखवतो. त्यामुळे दोन हप्ते जुळवून एक चित्र करण्याचे काम बॉक्सला किंवा टीव्हीला करावे लागते. मधल्या, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात निवेदकाचा हात हलला असेल तर दोन्ही हप्त्यांतला हात वेगवेगळ्या जागी असतो, आणि जुळवणी कच्ची असली की त्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात.

सुरुवात टीव्हीच्या मागच्या बाजूने करावी

सेटिंगमध्ये शिरण्यापूर्वी टीव्हीच्या पाठीमागे जाऊन बॉक्स कोणत्या वायरने जोडला आहे ते पाहावे. पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन पिनांची वायर आढळली तर चित्राच्या दोषातला बराच वाटा तिचा आहे असे समजावे. लाल आणि पांढरी पिन आवाजाची असते. संपूर्ण चित्र, त्यातला उजेड आणि रंग दोन्ही, एकट्या पिवळ्या वायरमधून एकत्र होऊन जाते आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागते. ते कधीच पूर्ण वेगळे होत नाही. लाल साडीचा रंग काठाबाहेर पसरतो आणि रंगीत अक्षरांच्या कडेने बारीक ठिपके सरकत राहतात. बॉक्सच्या मागे एचडीएमआयची चपटी, दोन कोपरे कापलेली खाच असेल तर ती तीन पिनांची वायर काढून एचडीएमआय जोडावी. केवळ एसडी वाहिन्या दाखवणाऱ्या अनेक बॉक्सनाही ही खाच असते, आणि बसवणाऱ्या माणसाने सोबत आलेली वायर लावली म्हणून ती वर्षानुवर्षे रिकामी राहिलेली असते.

एचडीएमआय वायर साधी घेतली तरी चालते. त्यातून आकड्यांच्या रूपात माहिती जाते. ती पोहोचते तेव्हा पूर्ण पोहोचते, त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या वायरीने एसडी वाहिनी तसूभरही सुधारत नाही. तीन पिनांचे एचडीएमआय करून देणारे जे छोटे डबे बाजारात मिळतात तेही घेऊ नयेत, कारण त्यांच्याकडे येणारे चित्र आधीच पिवळ्या वायरमधून मिसळून आलेले असते.

बॉक्सला एचडीएमआयची खाच नसेलच तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे किंवा केबलवाल्याकडे बॉक्स बदलून मागावा. तोपर्यंत निदान जोडणी नीट असल्याची खात्री करावी. नव्या टीव्हींत तीन पिनांसाठी एकच बारीक गोल खाच आणि सोबत एक जोडवायर असते; तिच्यातील तारांचा क्रम प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठेवते, त्यामुळे दुसऱ्या टीव्हीची जोडवायर लावल्यास चित्र गायब होऊ शकते किंवा आवाजात घरघर येऊ शकते. काही टीव्हींत पिवळी पिन हिरव्या खाचेत लावायची असते आणि मेनूत त्याप्रमाणे एव्ही निवडावे लागते; तसे न केल्यास चित्र कृष्णधवल दिसते.

डीडी फ्री डिश पाहणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे. बऱ्याच नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेला असतो. छत्रीची वायर थेट टीव्हीला जोडून वाहिन्या शोधल्या की मधला बॉक्स आणि त्याच्यामुळे येणारे दोष दोन्ही टळतात. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत डीव्हीबी-एस२ असा उल्लेख असेल तर ही सोय आहे असे समजावे.

बॉक्समधून कोणते चित्र बाहेर पाठवावे

एचडीएमआयने जोडलेल्या बॉक्सच्या मेनूत चित्राच्या रिझोल्यूशनचा पर्याय असतो आणि त्यात ५७६आय, ५७६पी, ७२०पी, १०८०आय यांपैकी काही आकडे दिसतात (आकडा ओळींचा; 'आय' म्हणजे दोन हप्त्यांत येणारे आणि 'पी' म्हणजे एकदम येणारे चित्र). बहुतेक घरांत तो १०८०आयवर असतो, आणि एचडी वाहिन्यांसाठी ते योग्यच आहे. एसडी वाहिनीचे मात्र त्यात दुहेरी हाल होतात. बॉक्स आधी ५७६ ओळींचे चित्र जुळवतो, ते ताणून १०८० ओळींचे करतो, पुन्हा त्याचे दोन हप्ते पाडतो आणि टीव्हीकडे पाठवतो. मग टीव्ही ते हप्ते नव्याने जुळवतो आणि फोर-के असेल तर पुन्हा ताणतो. चित्र ताणण्याचे आणि जुळवण्याचे काम साधारणपणे बॉक्सपेक्षा टीव्हीतली चिप अधिक चांगले करते, म्हणून एसडी वाहिनीचे चित्र शक्य तितके मूळ स्वरूपात टीव्हीपर्यंत जाऊ द्यावे हे तत्त्व लक्षात ठेवावे.

मेनूत 'ओरिजिनल', 'नेटिव्ह' किंवा तशा अर्थाचा पर्याय असेल तर तोच निवडावा. मग बॉक्स एसडी वाहिनी एसडी म्हणून आणि एचडी वाहिनी एचडी म्हणून पाठवतो. वाहिनी बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, पण तो बिघाड नसतो. असा पर्याय नसेल आणि घरात फक्त एसडी वाहिन्या येत असतील तर ५७६आय, ५७६पी आणि ७२०पी हे तिन्ही एकेक करून लावून पाहावेत. कोणता सर्वांत चांगला ठरेल हे त्या बॉक्सच्या आणि त्या टीव्हीच्या जोडीवर अवलंबून असते, त्यामुळे शेजाऱ्याकडचे उत्तर आपल्याकडे चालेलच असे नाही. एचडी आणि एसडी दोन्ही वाहिन्या येत असतील आणि पर्याय एकच ठेवायचा असेल, तर तो मात्र १०८०आयच ठेवावा, कारण एसडीला थोडे सावरण्यासाठी पैसे भरून घेतलेल्या एचडी वाहिन्या बिघडवणे शहाणपणाचे नाही.

तुलना कशावर करावी हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे, आणि त्यासाठी मराठी वृत्तवाहिनीसारखी दुसरी कसोटी नाही. खालच्या पट्टीतून सरकणाऱ्या देवनागरी बातमीकडे नेहमीच्या बसण्याच्या जागेवरून पाहावे. शिरोरेषा ही आडवी आणि बारीक असल्यामुळे ओळींच्या जुळवणीतला दोष सर्वांत आधी तिच्यात उघड होतो. जुळवणी कच्ची असेल तर ती तुटक दिसते किंवा लुकलुकते. मग अनुस्वार, रफार आणि 'क्ष', 'द्ध' यांसारखी जोडाक्षरे पाहावीत. ज्या सेटिंगवर रेषा स्थिर राहते आणि जोडाक्षर विचार न करता वाचता येते ते सेटिंग योग्य. त्यानंतर निवेदकाचा चेहरा आणि बोलताना हलणारे हात पाहावेत. इंग्रजी अक्षरांवर ही परीक्षा इतकी कडक होत नाही, कारण त्यांना माथ्यावरची सलग आडवी रेघ नसते.

चेहरे फुगलेले किंवा लांबट दिसत असतील तर

जुन्या मालिकांचे आणि चित्रपटांचे चित्र ४:३ या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चौकोनी असते, तर आजचे टीव्ही १६:९ असतात. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवले की प्रत्येक माणूस जाड दिसतो, आणि अनेक घरांत वर्षानुवर्षे तसेच पाहिले जाते. बॉक्सच्या मेनूत टीव्हीचे प्रमाण १६:९ असे सांगावे आणि टीव्हीवरही १६:९ किंवा 'ओरिजिनल' ठेवावे. ताणण्याचे काम दोघांनीही केले की गोंधळ होतो. चारही बाजूंनी काळी चौकट दिसत असेल, तर बहुधा वाहिनीने रुंद चित्र चौकोनी चौकटीत बसवून पाठवलेले असते. अशा वेळी टीव्हीचा झूम वापरता येतो, पण त्या चित्रात मुळात ५७६ ऐवजी ४३२ च ओळी कामाच्या असतात, म्हणून झूम केल्यावर ते आणखी विरळ दिसते. मला विचाराल तर चौकट राहू द्यावी. बाजूला काळे पट्टे ठेवून पाहिलेले लहान पण प्रमाणबद्ध चित्र ताणलेल्या चित्रापेक्षा केव्हाही अधिक रेखीव दिसते. प्रमाण बरोबर आहे की नाही हे वाहिनीच्या गोल बोधचिन्हावरून किंवा दृश्यात दिसणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळावरून लगेच कळते.

याच्याच जोडीचा एक छुपा दोष असा की काही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेले चित्र मोठे करतात. खालच्या पट्टीतली बातमी अर्धवट कापलेली दिसणे ही त्याची खूण आहे. एलजीच्या टीव्हींत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीमध्ये 'डिस्प्ले एरिया' अशा नावांखाली ते थांबवता येते. बॉक्स ५७६ वर असताना ही सोय काही टीव्हींत मिळत नाही. तसे झाल्यास ७२०पीवर जाऊन पाहावे.

टीव्हीचे सेटिंग: काय बंद करावे

दुकानात शेकडो दिव्यांच्या उजेडात टीव्ही उठून दिसावा म्हणून 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' नावाचा पिक्चर मोड दिलेला असतो, आणि पुष्कळ टीव्ही घरातही त्याच मोडवर चालू राहतात. या मोडमध्ये रंग भडक, पांढरा निळसर, उजेड कमाल आणि कडा कृत्रिमपणे धारदार केलेल्या असतात. उत्तम प्रतीच्या चित्रावर ते काही काळ आकर्षक वाटते. एसडी वाहिनीवर मात्र प्रत्येक दोष त्यातून मोठा होऊन समोर येतो. म्हणून पहिली कृती ही की तो मोड सोडून 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडावा. पहिले काही दिवस चित्र पिवळसर आणि मंद भासेल, कारण डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. आठवडाभर तसेच राहू द्यावे, नंतर जुना मोड लावून पाहिला की तोच डोळ्यांना खुपू लागतो. दिवसा खोलीत ऊन येत असेल तर मोड न बदलता फक्त बॅकलाइट वाढवावा.

यानंतरची सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे शार्पनेस. नावावरून वाटते की हा वाढवला की चित्र स्पष्ट होईल. वास्तविक टीव्हीकडे नसलेला तपशील शार्पनेस आणू शकत नाही. तो फक्त प्रत्येक कडेला बाहेरून एक उजळ आणि एक गडद रेघ जोडतो. एसडी चित्रात मूळ कडांबरोबर दाबलेल्या चौकोनांच्याही कडा असतात आणि शार्पनेस त्यांनाही तितक्याच निष्ठेने गडद करतो. वृत्तवाहिनी लावून शार्पनेस कमालीवर न्यावा आणि शिरोरेषेकडे जवळून पाहावे. काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षराभोवती आणखी एक करडी सावली उभी राहिलेली दिसेल, आणि निवेदकाच्या खांद्यालाही तशीच किनार दिसेल. आता शार्पनेस हळूहळू खाली आणावा आणि ती किनार जेथे नाहीशी होते तेथे थांबावे. काही टीव्हींत ही जागा शून्यावर असते, तर सोनीसारख्या टीव्हींत मध्यावर, म्हणजे पन्नासच्या आसपास असते आणि त्याखाली गेले की चित्र मुद्दाम धूसर केले जाते. म्हणून आकडा पाठ न करता किनारीकडे पाहून ठरवावे.

चित्र 'सुधारण्याचे' आणखी पर्याय प्रगत सेटिंगच्या आत दडलेले असतात. सोनीचे 'रिअॅलिटी क्रिएशन' आणि एलजीचे 'सुपर रेझोल्यूशन' हे शार्पनेसचेच हुशार भाऊबंद आहेत. चांगल्या दर्जाच्या एसडी चित्रावर ते अगदी कमी प्रमाणात उपयोगी पडतात, पण दाबून पिळून काढलेल्या वाहिनीवर बंद ठेवलेलेच बरे. डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद करावा, कारण तो अंधाऱ्या दृश्यांना उचलून धरतो आणि रात्रीच्या प्रसंगात भिंतीवर जे डाग आणि पट्टे दिसतात ते त्यातूनच ठळक होतात.

नॉइज रिडक्शनचे मात्र सरसकट बंद असे सांगता येत नाही. सामान्यतः त्याचे दोन प्रकार असतात. साधे नॉइज रिडक्शन चित्रातली वळवळ कमी करते, पण त्याबरोबर चेहऱ्यावरचा तपशीलही पुसते. एमपेग नॉइज रिडक्शन किंवा डिजिटल नॉइज रिडक्शन या नावाचा पर्याय विशेषतः चौकोनांच्या सीमा आणि अक्षरांभोवतीची वळवळ मऊ करण्यासाठी असतो. सॅमसंगच्या जुन्या टीव्हींत हे काम 'एमपेग नॉइज फिल्टर' करते. एसडी वाहिनीसाठी दुसरा प्रकार कमी किंवा मध्यम ठेवावा आणि पहिला बंद किंवा कमी ठेवावा. प्रमाण जास्त झाल्याची खूण अशी की हलत्या चेहऱ्यामागे पुसट सावली रेंगाळते आणि क्रिकेटच्या मैदानावरचे गवत एकसंध हिरव्या रंगाचा थर होऊन जाते. एचडी वाहिनी आणि ओटीटीवर यांपैकी काहीच लागत नाही.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय, जिला सोनी 'मोशनफ्लो', एलजी 'ट्रूमोशन' आणि सॅमसंग 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' म्हणते, दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेले चित्र घालते. मूळ चित्रे चौकोनांनी भरलेली असली की बनवलेले चित्र अधिकच चुकते आणि धावणाऱ्या खेळाडूच्या पायांभोवतीची हवा फाटल्यासारखी दिसते. ती बंद किंवा सर्वांत कमी ठेवावी. 'सिनेमोशन', 'रिअल सिनेमा' किंवा 'फिल्म मोड' या नावाचा पर्याय मात्र चालू ठेवावा, कारण त्याचे काम वेगळे आहे. चित्रपटाच्या एका चौकटीचे दोन हप्ते एकाच क्षणाचे असतात हे ओळखून तो त्यांना जसेच्या तसे जोडतो, आणि त्यामुळे चित्रपटाला त्याच्या पूर्ण ५७६ ओळी परत मिळतात.

आता अडचण अशी की एकाच एचडीएमआयवर एसडी आणि एचडी दोन्ही वाहिन्या येतात आणि दोघींना वेगळे सेटिंग हवे असते. त्यावर सोपा उपाय आहे. दोन पिक्चर मोड निवडून एक एसडीसाठी आणि एक एचडीसाठी ठरवून ठेवावा, उदाहरणार्थ 'सिनेमा' एचडीसाठी आणि 'कस्टम' किंवा 'युजर' एसडीसाठी. मग रिमोटवरून दोन-तीन बटणांत बदल होतो. घरातल्या ज्येष्ठांना तेही नको असेल तर त्यांच्या नेहमीच्या वाहिन्या ज्या प्रकारच्या असतील तोच मोड कायम ठेवावा.

बसण्याचे अंतर

निरोगी डोळ्याला एका ठरावीक कोनापेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, आणि त्या हिशोबाने ५७६ ओळींचे चित्र पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतरावरून पाहिले की ओळींचा विरळपणा जाणवेनासा होतो. एचडीसाठी हे अंतर सुमारे तिप्पट असते. ३२ इंची टीव्हीची उंची सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे एसडीसाठी आठ फूट. ४३ इंचीची सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा फूट. आणि ५५ इंचीची सुमारे ६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेतेरा फूट. वन बीएचकेच्या दिवाणखान्यात सोफा आणि समोरची भिंत यांच्यात दहा फूट मिळाले तरी पुष्कळ. याच दहा फुटांवरून २१ इंची जुना टीव्ही त्याच्या उंचीच्या साडेनऊपट अंतरावर असे. जुन्या टीव्हीवर चांगले दिसत होते, या म्हणण्याचे बरेचसे उत्तर या एका आकड्यात आहे.

सोफा मागे सरकवता येत नसेल आणि घरात मुख्यतः एसडी वाहिन्याच पाहिल्या जात असतील, तर नवा टीव्ही घेतानाच आकार आवरता घ्यावा. आईवडिलांच्या खोलीत किंवा गावाकडच्या घरी फ्री डिशसाठी ३२ इंची एचडी रेडी टीव्ही ५५ इंची फोर-केपेक्षा अधिक समाधान देतो, हे मी ठामपणे सांगेन. दुकानात सगळे टीव्ही पेन ड्राइव्हवरचे फोर-के चित्रीकरण दाखवत असतात. त्यावरून काहीच कळत नाही. सेट-टॉप बॉक्स जोडून एखादी एसडी वृत्तवाहिनी दाखवायला सांगावे. त्या एका मागणीने टीव्हीची चित्र ताणण्याची क्षमता उघडी पडते, आणि दुकानदार टाळाटाळ करू लागला तर त्यावरूनही पुरेसे कळते.

चौकोन पडतात तेव्हा दोष कोणाचा

डिजिटल प्रक्षेपणात सिग्नल कमी झाला म्हणून चित्र धूसर होत नाही. ते एक तर पूर्ण येते, किंवा तुटते. त्यामुळे चेहरे अस्पष्ट दिसतात म्हणून छत्री हलवण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. चौकोनांच्या बाबतीत मात्र भेद करावा लागतो. वेगवान हालचाल असतानाच चौकोन दिसत असतील, आवाज व्यवस्थित असेल आणि शांत दृश्यात चित्र पुन्हा सावरत असेल, तर तो वाहिनी दाबण्याचा परिणाम आहे आणि त्यावर घरात इलाज नाही. चौकोन कोणत्याही क्षणी, अगदी स्थिर चित्रातही, उसळत असतील, चित्र गोठत असेल आणि आवाज तुटत असेल, तर दोष सिग्नलचा आहे. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची शक्ती आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसतात. त्यांपैकी गुणवत्तेकडे लक्ष द्यावे. जोराच्या पावसात ती घसरणे स्वाभाविक आहे. कोरड्या हवेतही ती कमी असेल तर छत्री हलली आहे का, समोर झाडाची फांदी वाढली आहे का आणि एलएनबीजवळची (छत्रीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डब्याजवळची) पिन गंजली आहे का हे तपासून घ्यावे. कोकणात आणि गोव्यात समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ही पिन लवकर गंजते.

एचडी कुठे घ्यावे आणि कुठे नको

सगळ्याच वाहिन्या एचडीत घेण्याची गरज नसते. २०१९ पासून लागू झालेल्या, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या चौकटीत वाहिन्या सुट्या निवडता येतात. रोज तासन् तास पाहिली जाणारी मनोरंजन वाहिनी आणि क्रिकेटची वाहिनी एवढ्या दोन-तीन एचडीत घ्याव्यात आणि त्यांच्या एसडी आवृत्त्या यादीतून काढून टाकाव्यात, कारण पुष्कळ घरांत दोन्हींचे पैसे भरले जातात आणि सवयीने जुन्याच क्रमांकावरची एसडी वाहिनी पाहिली जाते. अर्थात त्यासाठी बॉक्स एचडी असावा लागतो. एचडी वाहिनीवरही जुन्या मालिकेचे पुनःप्रक्षेपण लागले की चित्र एसडीसारखेच दिसते, कारण मूळ चित्रीकरणच तसे असते. तेव्हा पुन्हा एसडीचा पिक्चर मोड लावावा.

घरात ब्रॉडबँड असेल तर मराठी वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर बहुधा अधिक स्पष्ट मिळते, आणि झी मराठीच्या मालिका झी५ वर एचडीत पाहता येतात. मोबाइलच्या डेटावर हे परवडत नाही, आणि थेट प्रक्षेपण यूट्यूबवर काही सेकंद मागे असते, ज्याचा त्रास निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी शेजारच्या घरातून आधी जल्लोष ऐकू आला की होतो.

सर्व सेटिंग मनासारखे झाले की टीव्हीच्या मेनूतील प्रत्येक पानाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. टीव्हीचे किंवा बॉक्सचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर, किंवा दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने 'रीसेट' केल्यावर, शार्पनेस, पिक्चर मोड आणि बॉक्सचे रिझोल्यूशन या तीन गोष्टी मूळ पदावर गेलेल्या आढळू शकतात, आणि त्या वेळी हे फोटो पाहून पाच मिनिटांत सगळे पूर्ववत करता येते.